मेडिकलला बारावीचे गुण पुरतात का?

नीटचं, म्हणजे मेडिकलच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेचं, काही बिनसलं, की आपल्याकडे एक मागणी हमखास डोकं वर काढते. ही परीक्षाच बंद करा आणि पूर्वीसारखे बारावीच्या गुणांवर मेडिकलचे प्रवेश द्या. २०२४ साली तर ती फार जोरात झाली. ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असतानाच निकाल लागला आणि ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडल्याचं कळलं. मग दीड हजारांवर मुलांना दिलेल्या वाढीव गुणांचा घोळ निघाला, हजारीबाग-पाटण्याची पेपरफुटी निघाली, आपल्या लातुरातही अटका झाल्या. वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर न्यायालयाच्या आदेशाने बदललं आणि ६७ चे १७ उरले. एका प्रश्नावर लाखो मुलांचे पाच-पाच गुण गेले, कारण बरोबरचे चार जातात आणि चुकीचा एक वजा होतो. पाच गुणांत हजारो नंबर मागे पडतात. लोकांचा संताप रास्तच होता.

मी मुंबईत, गिरणगावालगतच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. लालबाग, शिवडी, नायगाव, वडाळा इथून मुलं येतात. त्यांतल्या अनेकांच्या घरापासून परळचं केईएम हे पालिकेचं रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे विद्यार्थी म्हणून पोचण्याची वाट फार लांबची आहे. नीटने ती आणखी लांब केली, हे मी रोज बघते. तरीही बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या, या मागणीवर मी सही करणार नाही. माझी मागणी वेगळी आहे. बारावी एकटी पुरत नाही; पण आज आपण तिला जवळपास शून्य किंमत दिली आहे, आणि त्याचे परिणाम पेपरफुटीपेक्षा खोल आहेत. बारावीच्या गुणांना पुन्हा वजन द्यायला हवं, ते गुण कुठे आणि कशात मिळवले हे पाहून द्यायला हवं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात ‘ग्रुप’वर प्रवेश व्हायचे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची बेरीज, बस. त्या काळाबद्दल आज हळवं होऊन बोललं जातं, आणि त्यात तथ्यही आहे. मुलं वर्गात बसत. आकृत्या काढायचा सराव करत. हृदयाचा उभा छेद काढून त्याला नावं देणं, रक्ताभिसरण चार वाक्यांत समजावणं, रासायनिक समीकरण तोलणं हे हाताने करावं लागे. लिहून सांगता येणं हीसुद्धा एक परीक्षा असते आणि डॉक्टरला ते आयुष्यभर लागतं. पण त्याच काळात एकेका गुणासाठी काय चालायचं, तेही आठवावं. उत्तरपत्रिका बघायला मिळावी आणि फेरतपासणी व्हावी म्हणून मुंबईतली मुलं कोर्टात गेली होती. उच्च न्यायालयात जिंकली, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयात हरली. पुढे बोर्डानेच उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन देऊ केलं. अर्धा गुण इकडेतिकडे झाल्यावर ज्याचं आयुष्य बदलणार, तो तपासणाऱ्यावर विश्वास कसा ठेवणार? आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका तपासतो, मॉडरेटर त्यातल्या काही पुन्हा बघतो, नमुना उत्तरं सगळ्यांकडे एकच असतात. तरी एक जण ‘कल्पना बरोबर आहे’ म्हणून दोन गुण देतो आणि दुसरा मुख्य शब्द नाही म्हणून एक देतो. पास-नापास ठरवायला ही पद्धत चांगली आहे. ९६.३३ आणि ९६.६७ टक्क्यांमधून एकाला डॉक्टर करायचं आणि दुसऱ्याला नाही, हे तिच्या कुवतीबाहेरचं आहे.

शिवाय बोर्ड एक नाही. हा प्रश्न मुंबईकरांना मी नव्याने सांगायला नको. अकरावीच्या प्रवेशांवरून आपण हे युद्ध लढून बसलो आहोत. एसएससीची मुलं मागे पडतात आणि आयसीएसईची मुलं नव्वदीच्या पुढे जाऊन रुपारेल-रुइयाच्या जागा घेतात, अशी ओरड झाली. २००८ साली सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. २००९ साली ९०:१० चा कोटा आणला, म्हणजे नव्वद टक्के जागा एसएससीला आणि दहा टक्के बाकीच्या बोर्डांना. तोही रद्द झाला. २०१० साली ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर टक्केवारी काढणं, आलं. ते उच्च न्यायालयात पडलं आणि सर्वोच्च न्यायालयात टिकलं. तीन पावसाळे मुलं आणि पालक दादर-माटुंग्याच्या कॉलेजांबाहेर याद्यांची वाट बघत उभे राहिले. हे सगळं अकरावीच्या प्रवेशासाठी! देशभरातल्या मेडिकलच्या जागा राज्य मंडळ, सीबीएसई, आयएससी आणि इतर डझनावारी बोर्डांच्या गुणांवर वाटायच्या म्हटल्यावर काय होईल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणि गुणांवर इतकी मोठी गोष्ट टांगली, की गुण फुगतात. २०२१ साली कोविडमुळे बारावीची परीक्षा झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावीचं अंतर्गत मूल्यमापन यांची ३०:३०:४० अशी गोळाबेरीज करून निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. आदल्या वर्षी, परीक्षा झाली होती तेव्हा, तो ९०.६६ होता. त्या वर्षी मुलांना आधार देणं गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गुण देणं पूर्णपणे शाळा-कॉलेजांच्या हाती आलं, की काय होतं, हे त्या एका आकड्याने दाखवलं.

प्रॅक्टिकलची गोष्ट तर मी आतून सांगू शकते. जीवशास्त्राच्या शंभरातले ७० लेखीचे, ३० प्रॅक्टिकलचे. या तिसांत कागदावर सगळं आहे: प्रयोग, स्लाइड, स्पॉटिंग, जर्नल, व्हायवा. बाहेरून एक्स्टर्नल येतात. ते दुसऱ्या कॉलेजातले आमच्यासारखेच शिक्षक, आणि आम्ही त्यांच्याकडे किंवा आणखी कुणाकडे एक्स्टर्नल म्हणून जाणार. तुम्ही आमच्या मुलांना सांभाळा, आम्ही तुमच्या सांभाळू, हे कुणी तोंडाने बोलत नाही. बोलावं लागतच नाही. जर्नलं जानेवारीत एका आठवड्यात पूर्ण होतात. एका मुलीने काढलेली अमीबाची आकृती वीस जर्नलांत त्याच चुकीसह उतरलेली मी पाहिली आहे. आणि मार्कलिस्टवर ओळीने अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. हे तीस गुण मेडिकलच्या प्रवेशात धरा, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

आणि खरी खंत अशी, की हेच तीस गुण डॉक्टरकीच्या सगळ्यात जवळचे आहेत. कांद्याच्या मुळाचं टोक कापायचं, आम्लात मऊ करायचं, रंग चढवायचा, काचेवर ठेवून वरून फिल्टर पेपर धरून अंगठ्याने दाबायचं आणि मायक्रोस्कोपखाली विभागणाऱ्या पेशी शोधायच्या. दाब कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, जास्त पडला तर कव्हरस्लिप तडकते. परवाच्या तुकडीत एक मुलगी होती, मराठी माध्यमातून आलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिची पहिली स्लाइड बिघडली, दुसरी बिघडली. बाकीच्यांनी शेजारच्याच्या मायक्रोस्कोपात डोकावून आकृती काढली आणि घर गाठलं. ही बसून राहिली. तिसऱ्या स्लाइडवर तिला ॲनाफेज सापडली, रंगसूत्रं दोन टोकांना ओढली जाताना. ती मला बोलवायलाही आली नाही; हातातली पेन्सिल खाली ठेवून नुसती बघत राहिली. तिला मी तीसपैकी तीस दिले. शेजारून उतरवणाऱ्यांनाही अठ्ठावीसपेक्षा कमी दिले नाहीत, कारण तसे दिले असते तर आमच्या कॉलेजच्या मुलांचं नुकसान झालं असतं. तिने केलेलं आणि त्यांनी न केलेलं, यातला फरक गुणपत्रिकेवर दोन गुणांचा उरला. नीटमध्ये तेवढाही उरत नाही.

आता नीटकडे येते. २०१३ साली पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, २०१६ साली परत आणली. त्या वर्षी राज्याच्या सीईटीची तयारी केलेल्या आपल्या मुलांची जी तारांबळ उडाली आणि केंद्राला अध्यादेश काढावा लागला, ते अनेक घरांत अजून आठवत असेल. पण एका देशव्यापी परीक्षेचं तत्त्व मला मान्य आहे. खासगी कॉलेजं आपापल्या परीक्षा घेऊन जागा विकत होती, ते तिने बऱ्याच अंशी थांबवलं. नांदेडचा मुलगा, कोल्हापूरची मुलगी आणि बांद्र्याचा मुलगा एकाच पेपराला बसतात, त्यात एक न्याय आहे.

तो न्याय मात्र दारापाशी संपतो. नीट ‘पास’ होण्यासाठी खुल्या गटात ५० पर्सेंटाइल लागतात, म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या वर असलं की झालं. किती गुण? २०२३ साली ७२० पैकी १३७. २०२५ साली १४४. वीस टक्के. २०२५ साली बावीस लाखांवर मुलं बसली आणि सव्वाबारा लाखांच्या आसपास पात्र ठरली; एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात. मग पात्र ठरलेल्या बारा लाखांतून डॉक्टर कोण होतं? सरकारी जागा वरच्या गुणांवर जातात, ठीक. पण खासगी अभिमत (‘डीम्ड’) विद्यापीठांतल्या जागा, जिथे वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे, तिथे यादी खाली-खाली सरकत जाते, कारण मधले हजारो जण फी बघूनच बाजूला होतात. पाचशे गुणांची शिवडीची मुलगी घरी बसते आणि तिच्याहून दीडशे-दोनशे गुण कमी असलेला मुलगा ॲप्रन घालतो. ‘नीट म्हणजे गुणवत्ता’ म्हणणाऱ्यांनी या रांगेच्या शेपटीकडे एकदा बघावं.

आणि बारावी? मेडिकलला बारावीत तीन विषयांत मिळून ५० टक्के लागतात, राखीव गटाला ४०. विज्ञानाच्या बऱ्या मुलाला एवढे पडतातच. म्हणजे दोन वर्षं कॉलेजात काय केलं याची प्रवेशाला काहीही गरज उरली नाही. याचा परिणाम मुंबईत कुठल्याही विज्ञान शाखेच्या वर्गात जाऊन बघा. ऐंशीचा वर्ग, हजर अकरा. बाकीची मुलं ‘इंटिग्रेटेड’मध्ये. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मुलगा दिवसभर अंधेरी, ठाणे किंवा थेट राजस्थानातल्या कोटा शहरातल्या क्लासमध्ये. हजेरी कॉलेजच्या रजिस्टरवर. २०१८ साली सरकारने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. त्याने वर्ग भरले नाहीत, कारण मुलांना वर्गात येण्याचं कारणच दिलेलं नव्हतं. क्लासवाल्यांना दोष देणं सोपं आहे. प्रवेशाच्या नियमाने ज्याला मोल दिलं, ते त्यांनी विकायला ठेवलं.

हा धंदा कुणाला परवडतो? दोन वर्षांचे काही लाख, वर रिपीटरचं वर्ष, त्याचे वेगळे. वर्गात उरलेली अकरा मुलं कोण असतात, हे मला नावानिशी माहीत आहे. कुणाचे वडील बेस्टमध्ये, कुणाची आई पोळी-भाजी केंद्र चालवते, कुणी दुपारनंतर दुकानावर बसतं. ती येतात, कारण त्यांच्यासाठी कॉलेज हाच क्लास आहे. त्यांतली बरीच दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात आणि अकरावीला सगळं विज्ञान एकदम इंग्रजीत येऊन आदळतं. ‘प्रकाशसंश्लेषण’ पक्कं कळलेलं मूल ‘फोटोसिंथेसिस’च्या धड्यात पहिले दोन महिने चाचपडतं. नीट मराठीतही देता येते, पण पुढचा सगळा अभ्यास इंग्रजीतून असताना परीक्षेपुरतं मराठीकडे परतण्याचं धाडस फार थोडे करतात. या मुलांना बारावीपर्यंत सूर सापडतो. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती कशी उघडतात, हे बघणं माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद आहे. पण मे महिन्यातल्या एका दुपारी, तीन तासांत १८० प्रश्नांच्या वेगाला ती तयार नसतात. त्या वेगाचा सराव विकत मिळतो आणि तो त्यांनी घेतलेला नसतो.

इथे कुणीही म्हणेल, मग तुमचं म्हणणं बारावीच्याच बाजूचं झालं. तामिळनाडूकडे बघा म्हणेल. तिथे २००७ पासून २०१६ पर्यंत प्रवेश परीक्षा नव्हती, बारावीच्या गुणांवर जागा मिळत. नीट आल्यावर अरियालूर जिल्ह्यातल्या अनिता या मुलीला १२०० पैकी ११७६ गुण असून जागा मिळाली नाही आणि २०१७ साली तिने जीव दिला. ते वाचून कुणाला काही वाटलं नसेल तर त्याने शिक्षणावर लिहू नये. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनेही नीटमुळे ग्रामीण आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचा टक्का घसरल्याचं मांडलं. पण तामिळनाडूची दुसरी बाजूही पुरती वाचली पाहिजे. बारावीच्या गुणांवर प्रवेश होते त्या दहा वर्षांत नामक्कलकडे निवासी शाळांचं पीक आलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत एकच धडा घोकायचा. अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन्ही वर्षं बारावीचाच. क्लास गेले नाहीत, त्यांनी शाळेचं नाव घेतलं. आणि सरकारी शाळेतून सरकारी मेडिकलला जाणारी मुलं त्या काळातही वर्षाला मोजकीच असत. त्यांची संख्या खरी वाढली ती २०२० नंतर, राज्याने सरकारी शाळांत शिकलेल्या, नीट पास झालेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्यावर. पहिल्याच वर्षी तीनशेहून अधिक मुलं एमबीबीएसला गेली. मद्रास उच्च न्यायालयानेही ती तरतूद मान्य केली.

परीक्षा बदलून जे झालं नाही, ते मूल कुठे शिकलं हे विचारल्यावर झालं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा हाच आहे. ब्रिटनमध्ये मेडिकलच्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवून झालेल्या अभ्यासांत दोन गोष्टी दिसल्या. शाळेतले गुण आणि मेडिकलमधली पुढची कामगिरी यांचं नातं खरं आहे; चांगले गुण मिळवणारी मुलं पुढेही साधारणपणे चांगली निघतात. आणि सारखेच गुण घेऊन आलेल्यांत, सामान्य सरकारी शाळेतून आलेली मुलं महागड्या शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे सरस ठरतात. यात आश्चर्य काय? क्लासशिवाय, आठ बाय दहाच्या खोलीत, टीव्ही चालू असताना अभ्यास करून ८४ टक्के आणणारीने आणि घरी तीन विषयांचे तीन शिक्षक असताना ९१ आणणाऱ्याने केलेली कमाई एकच कशी? गुणपत्रिकेवर मात्र दुसरा पुढे.

जर्मनीतही शालान्त परीक्षेच्या गुणांवर मेडिकलच्या जागा जात. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती पद्धत अंशतः घटनाबाह्य ठरवली. वेगवेगळ्या राज्यांतले गुण एकमेकांशी तुलना करण्याजोगे नाहीत आणि केवळ गुण हा निकष पुरेसा नाही, असा त्याचा रोख होता. त्यानंतर निव्वळ शालेय गुणांवर ३० टक्के जागा ठेवल्या गेल्या. बाकीच्यांत अभिक्षमता चाचणी, नर्सिंग किंवा रुग्णवाहिकेचं प्रशिक्षण, अनुभव अशा गोष्टी आल्या. गुण ठेवले, त्यांची मक्तेदारी काढली.

मग मुलाखत घ्यावी का? रुग्णाशी कसं बोलतो, घाण बघून मागे सरतो का, हे बारावीतही कळत नाही आणि नीटमध्येही नाही, हे खरं. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज नीटच्या आधी आपल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारावर वेगळा पेपर घेत असे. पुण्याचं सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय आजही नीटनंतर वेगळी चाचणी आणि मुलाखत घेतं. या दोन्हींबद्दल मला आदर आहे. पण सगळीकडे मुलाखत आणायची म्हटली, की मला धडकी भरते. टेबलापलीकडे कोण बसणार, कुणाचा फोन येणार, इंग्रजी अडखळणाऱ्या मुलाकडे कसं बघितलं जाणार, आडनाव ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटणार, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. नीटचा आंधळेपणा त्यापेक्षा परवडला. बोलणं, वागणं, नीतिमत्ता हे २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात शिकवायचं ठरलं आहे, तिथेच ते मन लावून शिकवावं. रुग्णाला ‘ए, पुढे सरक’ म्हणणारा रेसिडेंट प्रवेशाच्या वेळीच तसा होता असं नाही. वॉर्डात छत्तीस तास सलग उभं राहून तो तसा होतो. ते वेगळं दुखणं आहे, त्यावर वेगळं लिहायला हवं.

तेव्हा मला हवंय ते असं. प्रवेश परीक्षा राहू दे. पण बारावीची ५० टक्क्यांची नाममात्र अट काढून तिथे आपापल्या बोर्डात वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट घाला, राखीव गटांसाठी त्या-त्या गटात. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आयआयटीला हाच नियम आहे, ७५ टक्के किंवा बोर्डातले वरचे वीस पर्सेंटाइल, कोविडची वर्षं सोडता तो चालतोय. याचा फायदा असा, की लातूरच्या मुलाची तुलना दिल्लीच्या मुलाशी होत नाही. प्रत्येकाने आपल्या बोर्डात वर यायचं. बोर्डाने गुण फुगवले तरी उपयोग नाही, कारण सगळ्यांचेच फुगतात आणि वरचे वीस टक्के तेच राहतात. या हिशेबात फक्त लेखी धरावं. प्रॅक्टिकलचे तीस गुण सध्याच्या रूपात धरणं म्हणजे माझ्यासारख्या शिक्षकांना खोटं बोलायला लावणं आहे. ते धरायचे असतील तर परीक्षा दुसऱ्या केंद्रावर, अनोळखी शिक्षकांसमोर, चिठ्ठी उचलून आलेल्या प्रयोगावर घ्या. खर्च येईल, येऊ दे.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो वजनदार आहे. इंजिनिअरिंगच्या जेईई या प्रवेश परीक्षेत २०१३ पासून बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन दिलं होतं आणि २०१७ पासून ते काढून टाकावं लागलं. बोर्डांचे गुण एका मापात आणताना गोंधळ झाला, निकाल लांबले, वर्गही भरले नाहीत. मान्य. म्हणूनच मी बेरीज करायला सांगत नाही. दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं मिसळून तिसरा आकडा काढला, की एकेका गुणाचं भांडण दुप्पट होतं. अट ही पार करायची असते. पार केली की तिचं काम झालं. एवढ्याने रिकामे वर्ग दुसऱ्या दिवशी भरतील असं मी म्हणत नाही. पण ‘सर, बोर्डाचं काय, पन्नास टक्के तर पडतातच’ हे मुलं आज आम्हाला हसत सांगतात, ते थांबेल.

दुसऱ्या टोकाला नीटची पात्रता पर्सेंटाइलवर न ठेवता ठरावीक किमान गुणांवर आणा. ७२० पैकी १४४ गुण मिळवणाऱ्याला पैशाच्या जोरावर डॉक्टर होता येत असेल, तर बाकीच्या मुलांकडून कशाला एवढी झीज करून घ्यायची? या मागणीला अभिमत विद्यापीठांचा विरोध होईल, कारण त्यांच्या जागा रिकाम्या राहतील. राहू द्याव्यात, किंवा फी खाली आणावी.

या दोन्ही गोष्टी दिल्लीत ठरतील. तिसरी मुंबईतच ठरू शकते, आणि तिची मला सगळ्यात जास्त ओढ आहे. आपली महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि चार मेडिकल कॉलेजंही चालवते: केईएमचं जी. एस., नायर, सायन आणि कूपर. मुलाला पहिलीत घेणारी आणि त्याला डॉक्टर करू शकणारी एकच संस्था, असं देशात फारसं कुठे नसेल. परळच्या जी. एस. मेडिकलची उभारणी झाली तीच एका अटीवर मिळालेल्या देणगीतून: इथे शिकवणारे भारतीय असावेत. १९२६ साली, जेव्हा भारतीय डॉक्टरांना सरकारी मेडिकल कॉलेजांतली वरची पदं मिळत नव्हती, तेव्हा देणगीदारांनी आणि पालिकेने दार कुणासाठी उघडायचं हे आधी ठरवलं, आणि त्याने गुणवत्ता घसरली असं परळमध्ये कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

महाराष्ट्राने तामिळनाडूसारखा कायदा करावा: पहिली ते दहावी पालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या, बारावीची आणि नीटची अट पार केलेल्या मुलांसाठी राज्याच्या कोट्यातल्या साडेसात टक्के जागा. पालिकेच्या शाळा बहुतेक दहावीपर्यंतच्याच असल्याने अकरावी-बारावी कुठे केली, हे बघू नये. फीचा भार सरकारने आणि पालिकेने उचलावा. या मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजीचा आणि शरीररचनाशास्त्राचा जादा आधार लागेल, तो द्यावा. केईएमच्या सीनिअर मुलांनी संध्याकाळी दोन तास दिले तरी तो मिळेल. बदल्यात ही मुलं ओपीडीत अशा रुग्णांसमोर बसतील, ज्यांची भाषा, ज्यांची खोली, ज्यांची पगाराची तारीख त्यांना आधीपासून माहीत आहे. ‘गोळी जेवणानंतर घ्या’ असं सांगताना घरी दोन वेळचं जेवण होतं का, हे विचारायचं त्यांना सुचेल.

आणि कायदा होईपर्यंत पालिकेने एवढं करावं: आपल्या चार कॉलेजांत दरवर्षी प्रवेश घेणाऱ्यांपैकी किती जण आपल्याच शाळांत शिकलेले आहेत, हा आकडा जुलै-ऑगस्टच्या प्रवेशफेऱ्या संपल्या की जाहीर करावा, शाळेच्या नावासकट. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रवेशअर्जासोबत दहावीची कागदपत्रं जोडलेली असतात आणि त्यांवरून शाळा कळते.